एकादशी, दुप्पट खाशी: तलफ, टोचणी आणि सराफ्यातला मालपुआ

इंदूरच्या लालबागेत सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या घोळक्यात बरेच महिने एकच विषय चघळला जातोय: वजन उतरवणारं इंजेक्शन. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं. तेव्हापासून कुणाच्या जावेने घेतलं, कुणाच्या व्याह्यांनी घेतलं, याच्या बातम्या रोज येतात. घेणारे बरेच जण एक गोष्ट आवर्जून सांगतात. डोक्यात दिवसभर चालणारी खाण्याची बडबड थांबली म्हणे.

हे ऐकून माझी वहिनी चालता चालता थांबलीच. "म्हणजे ती बडबड सगळ्यांच्या डोक्यात नसते?"

आदल्या रात्री ती पाहुण्यांना घेऊन सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेली होती. दोन मालपुए, वर रबडी. "आता आज दिवसभर फक्त काकडी आणि ताक. पापच केलं ना मी, वन्सं." चार महिन्यांपासून ती वजन कमी करायचा प्रयत्न करते आहे आणि हे वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलंय. काकडीचा दिवस संपून रात्र झाली की काय होतं, तेही मला माहीत आहे. फ्रिजच्या दिव्यात उभं राहून श्रीखंडाचा डबा.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवत होते. पण या विषयावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झालेलं काम वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. खाल्ल्यावर येणारी अपराधाची टोचणी आपण लगाम समजतो, आणि घोडा उधळतो तो बहुतेक वेळा तिच्यामुळेच. ते कसं, हे सावकाश सांगते.

भूक वेगळी, तलफ वेगळी

भूक हळूहळू चढते आणि ती निवडक नसते. खरी भूक लागली असेल तर कालची फोडणीची पोळीही गोड लागते. तलफ एकदम येते, एकाच पदार्थाचं नाव घेऊन येते, आणि भरल्या पोटीही येते. जेवण झालंय, ढेकर आलाय, तरी "काहीतरी गोड हवं". स्वतःला विचारायचा सोपा प्रश्न म्हणजे, आत्ता वरण-भात चालेल का? चालेल असं उत्तर आलं तर भूक. "नको, जलेबीच हवी" असं आलं तर तलफ.

तिसरी टोचणी. ती खाल्ल्यानंतर येते, आणि इतर दोघींसारखी शरीरातून येत नाही. ती आपण शिकलेली असते. "आज मी वाईट वागले", "चीटिंग केलं", "पाप केलं" ही भाषा चोरीमारीची आहे. चार घास खाण्याला ती कधी चिकटली कोण जाणे.

सराफ्याचा वास नाकात शिरला की

इवान पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्याचे कुत्रे सगळ्यांना ठाऊक असतात. अन्न देण्याआधी ठरावीक आवाज केला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. आपलं शरीर तेच करतं. सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद होतात, त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात. ज्या इंदूरकराने लहानपणापासून हा क्रम पाहिलाय, त्याच्यासाठी शटर पडल्याचा खडखडाटसुद्धा पावलॉव्हची घंटा आहे.

पुढचं काम वोल्फराम शुल्ट्झ यांचं. त्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी तपासल्या. डोपामिन म्हणजे "हे महत्त्वाचं आहे, याच्यामागे जा" असं मेंदूला सांगणारं रसायन. सुरुवातीला माकडाला फळाचा रस मिळाला की या पेशी उसळायच्या. मग रसाआधी दिवा लावायची पद्धत सुरू केली. थोड्या दिवसांत पेशी रस मिळाल्यावर उसळायच्या थांबल्या आणि दिवा लागताच उसळू लागल्या.

सगळा जोर त्या दिव्यात असतो. तलफ ही खाण्याच्या सुखापेक्षा सुखाच्या आश्वासनाची गोष्ट आहे. म्हणून गराडू (तळलेल्या कंदाच्या फोडी) खाण्यापेक्षा गराडूची गाडी दिसल्यावर जीव जास्त कासावीस होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फोडीनंतर आपण नुसता जीरावन मसाला आणि लिंबू चाखत राहतो. यात चारित्र्य, संस्कार, मनोबळ यांचा दोष शोधायचं कारण नाही. शिकलेला मेंदू शिकल्याप्रमाणे वागतोय.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड

आता काकडीच्या दिवसाकडे येऊ. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून वर चढवून आणतात, आणि बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. पाणी आलं की आपण काय करतो? टाकी भरली तरी बादल्या भरतो, हंडे भरतो, पातेलीही सोडत नाही. चोवीस तास नळ चालू असलेल्या गावातला माणूस असं करत नाही. पुरवठ्याचा भरवसा नसला की साठवणं हेच शहाणपण असतं.

शरीर असंच वागतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. त्याचा शोध १९९४ मध्ये लागला, आणि "साठा पुरेसा आहे" हा निरोप मेंदूला पोचवणं हे त्याचं काम. रिकाम्या पोटातून घ्रेलिन निघतं, जे १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. त्याचा निरोप "जेवायची वेळ झाली". वजन उतरलं की पहिला निरोप क्षीण होतो आणि दुसरा जोरात. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, लोकांना दहा आठवडे अगदी कमी आहारावर ठेवलं होतं. वर्ष उलटल्यावरही त्यांची ही हार्मोन्स पूर्वपदावर आलेली नव्हती आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती.

याहून बोलका प्रयोग जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. उपासमारीतून बाहेर आलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शोधायचं होतं. तरुण स्वखुशीने आलेले. रोज सुमारे १,५७० कॅलरी आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं. त्यांचं वजन जवळपास पाव भागाने उतरलं, पण नोंदवहीत खरी गंमत वेगळीच आहे. ज्यांना स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं ती मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटलीभर अन्न दोन-दोन तास पुरवून खाऊ लागली, जेवणाशिवाय दुसरं बोलेनात. आणि बंधन उठल्यावर पोट तट्ट फुगलं तरी त्यांची भूक भागेना.

माझ्या वहिनीला एका ओळखीच्या बाईने दिलेला आहाराचा कागद बाराशे कॅलरीचा आहे. ती त्या तरुणांपेक्षा लहानखुरी आहे, बैठं काम करते, म्हणून सरळ तुलना करणार नाही. पण "मला दिवसभर खाण्याशिवाय काही सुचत नाही" असं ती म्हणते तेव्हा मला तिचं मन कमजोर वाटत नाही. कागद कडक वाटतो.

आता बिघडलंच आहे तर

मराठीत "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण कुणी प्रयोगशाळेत बनवली नाही. मानसशास्त्रज्ञांना ती १९७५ मध्ये सापडली. हर्मन आणि मॅक यांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला. काहींना एक पेला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. मग आईस्क्रीमची चव पारखायच्या निमित्ताने हवं तेवढं खाऊ दिलं. एरवी मोकळेपणी खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आईस्क्रीम कमी खाल्लं, जे अपेक्षितच होतं. ज्या नेहमी मोजूनमापून खायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम जास्त खाल्लं.

कारण पोटात नव्हतं. पुढच्या एका प्रयोगात असं दिसलं, की खाल्लेला पदार्थ भरपूर कॅलरीचा आहे असं नुसतं सांगितलं तरी मोजून खाणारे लोक नंतर जास्त खातात. म्हणजे "नियम मोडला" ही भावनाच पुरेशी होती. आज बिघडलंच आहे, तर सोमवारपासून पुन्हा. बुडत्याचा पाय खोलात जातो तो इथे. पहिला मालपुआ तलफेने खाल्लेला असतो. दुसरा, त्यावरची रबडी आणि घरी आल्यावरचं श्रीखंड या सगळ्यांत टोचणीचा हात असतो.

मग दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून काकडी. काकडीमुळे नळाचा भरवसा गेला. भरवसा गेला की रात्री हंडे भरणं आलं. हंडे भरले की पुन्हा टोचणी.

पण एका रात्रीत सव्वा किलो वाढलं त्याचं काय?

काट्यावर ते दिसतं खरं. हिशेब करून बघू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. सराफ्यात रोजच्यापेक्षा आठशे कॅलरी जास्त गेल्या असं धरलं, तर चरबी वाढली असेल शंभरेक ग्रॅम. उरलेला किलोभर बहुतांशी पाणी आहे. चाटमधलं मीठ पाणी धरून ठेवतं. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तोही आपल्या वजनाच्या तिपटीएवढं पाणी सोबत बाळगतो. आणि काही भाग तर अजून आतड्यात असलेल्या जेवणाचाच. रोजचं साधं जेवण चालू ठेवलं तर दोन-तीन दिवसांत काटा आपोआप खाली येतो. शंभर ग्रॅमच्या गुन्ह्याला दिवसभर उपाशी राहायची सजा जरा जास्तच नाही का?

टोचणीच नसेल तर आवर कसा राहणार?

हा प्रश्न मला घोळक्यात सगळ्यांत जास्त विचारला गेला, आणि तो वाजवी आहे. मुलांना धाक हवा, तसा मनालाही हवा, असं आपल्याला वाटतं.

यावर २००७ चा एक छोटा प्रयोग आहे, अॅडम्स आणि लिअरी यांचा. मोजून खाणाऱ्या तरुणींना आधी एक डोनट खायला लावलं. मग काहींना प्रयोग घेणारी बाई सहज म्हणाली, की असं सगळेच कधी ना कधी खातात, मनाला लावून घेऊ नका. बाकींना काहीच सांगितलं नाही. नंतर गोळ्या-चॉकलेटं समोर ठेवली. ज्यांना धीराचे दोन शब्द मिळाले होते त्यांनी कमी खाल्लं. न्यूझीलंडमधल्या आणखी एका अभ्यासात लोकांना विचारलं होतं, चॉकलेट केक म्हटलं की आधी काय आठवतं, सोहळा की अपराध? अपराध म्हणणाऱ्यांचा आपल्या खाण्यावरचा ताबा जास्त असायला हवा होता. दीड वर्षाने पाहिलं तर वजन राखण्यात तेच मागे होते.

हे अभ्यास लहान आहेत, त्यांच्यावर देऊळ बांधायला नको. पण दिशा एकच दिसते. शिवाय माझा तीस वर्षांचा शाळेचा अनुभव: गणितात नापास झालेल्या मुलाला वर्गापुढे उभं केल्याने त्याचं गणित सुधारल्याचं मी तरी पाहिलं नाही. तो गणिताचा तास टाळायला शिकतो. तसं टोचणी लागलेला माणूस काटा टाळतो, डॉक्टर टाळतो, आणि चोरून खातो.

आजी तर आठवड्याला तीन उपास करायची

करायची, आणि तिचा श्रीखंडाच्या डब्याशी झगडा नव्हता. पण तिच्या उपासाला सुटण्याची वेळ ठरलेली होती. चतुर्थी चंद्र दिसेपर्यंत, एकादशी दुसऱ्या दिवशी पारण्यापर्यंत. खाणं केव्हा येणार याची खात्री असली की भूक सोसते. उपास मोडला तर "उद्यापासून काहीच नाही" असं ती म्हणत नसे. आणि तिच्या फडताळात तळणीचे सात डबे नव्हते, खिशात फोन नव्हता, दहा मिनिटांत दारात समोसे आणून देणारा मुलगा तर नव्हताच.

(शिवाय साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड, शेंगदाण्याचे लाडू. आजीच्या उपासाच्या कॅलरी कुणी मोजल्या नाहीत म्हणून बरं.)

मग तलफ आली की करायचं काय?

तलफ येण्याआधीचं काम मोठं आहे, ते आधी सांगते. नळाचा भरवसा परत आणायचा. म्हणजे ठरल्या वेळी, पोटभर, साधं जेवण, आणि सराफ्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. नुसते पोहे खाऊन निघालं की अकरा वाजता डोळे कचोरी शोधतात. तेच पोहे उसळ घालून खाल्ले तर दुपारचं जेवण गाठता येतं, कारण कडधान्यातली प्रथिनं आणि चोथा पोटात जास्त वेळ टिकतात. झोपेचंही तसंच. शिकागोत २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर त्यांचं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. जागरण करून सकाळी उपास सुरू करणाऱ्याने हे वाचावं.

आता प्रत्यक्ष तलफ. ती दाबायला जाऊ नका. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. झालं, लोकांच्या डोक्यात अस्वलच अस्वल. "जलेबी नाही, जलेबी नाही" हा जलेबीचाच जप असतो.

रेल्वेच्या फाटकावर आपण काय करतो? गाडीशी भांडत नाही, फाटकाखालून घुसत नाही (काही लोक घुसतात, ते सोडा). इंजिन बंद करतो आणि गाडी जाऊ देतो. तलफही चढते आणि ओसरते, बहुतेकदा काही मिनिटांत. "आली आहे, घशाशी जाणवते आहे, पंधरा मिनिटांनी बघू" एवढंच स्वतःशी म्हणायचं. त्या वेळात डोळ्यांना आणि हातांना काम द्यावं, कारण तलफ चित्रांवर जगते: पाकातून निथळणारी जलेबी, तिचा रंग, तिची चकाकी. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला तर तेवढ्यानेही तलफ उतरली. मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, मोबाईलवरचा एखादा कोडं सोडवायचा खेळ, काहीही चालेल. मोबाईलवर पाककृतींचे व्हिडिओ मात्र नकोत, तो शुल्ट्झ यांचा दिवा आहे.

पंधरा मिनिटांनीही हवीच असेल, तर खा. पण ताटलीत घेऊन, बसून, गरम असताना. फ्रिजच्या दिव्यात उभ्याने खाल्लेलं मेंदूच्या लक्षातही राहत नाही, फक्त टोचणी लक्षात राहते.

म्हणजे काहीही, कितीही खायचं?

नाही. जलेबी जलेबीच आहे. ग्रॅमभर तेल-तुपात नऊ कॅलरी, ग्रॅमभर साखरेत चार, हे कुणाच्या भावनेने बदलत नाही. खाणं आधी ठरवलेलं असावं एवढंच म्हणणं आहे. महिन्यातून दोनदा सराफा, त्यात एक गोड आणि एक तिखट, आणि त्याचं नाव "चीट डे" नाही, "शनिवार". ठरवून खाल्लेल्यात नियम मोडत नाही, मग "आता बिघडलंच" म्हणायला जागाच उरत नाही.

आग्रहाचं तेवढं अवघड आहे. "एकच घे गं, माझी शप्पथ" याच्यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. वहिनीने शोधलेला उपाय म्हणजे पहिल्या वेळी कमी वाढून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्या वेळी "हो" म्हणता येतं आणि वाढणाऱ्या काकूंचंही समाधान होतं.

जिथे हे पुरणार नाही

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, धडधड आणि गोडाची ओढ जाणवली तर फाटकावर थांबू नये. साखर उतरलेली असू शकते. लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावं.

"शरीराला कमी आहे म्हणून तलफ येते" हे बहुतेक वेळा खोटं आहे, नाहीतर आपल्याला पालकाची तलफ आली असती. पण खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ असं खावंसं वाटत असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं.

आणि आठवड्यातून एकदा तरी, महिनोन्महिने, थांबताच येत नाही असं प्रचंड खाणं होत असेल, किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलते.

आणि ते इंजेक्शन?

जेवल्यावर आतड्यातून एक हार्मोन निघतं, जे मेंदूला "पुरे" सांगतं आणि पोट सावकाश रिकामं करतं. वेगोवीतलं औषध त्याची नक्कल करतं; मौंजारो त्याच्या जोडीला आणखी एका हार्मोनचीही. डोक्यातली बडबड थांबते ती त्यामुळे. माझ्या दृष्टीने यातून एक गोष्ट सिद्ध झाली: जी बडबड औषधाने थांबते ती आळशीपणाची कधीच नव्हती. पण वेगोवीतल्या औषधावरच्या मोठ्या अभ्यासात, ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. मळमळ, उलट्या, जुलाब हे त्रास आहेतच, काहींना ते द्यायचंच नसतं. घोळक्यात ठरवायची ही गोष्ट नाही.

वहिनी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना विचारणार आहे. तोवर मी तिला एक वही दिली आहे. कॅलरी लिहायच्या नाहीत, काय खाल्लं तेही नाही. तलफ केव्हा आली आणि त्याआधी काय चाललं होतं एवढंच. काल तिने दाखवली. सात दिवसांत नऊ नोंदी, त्यातल्या सहा सारख्याच: "रात्री साडेनऊ. ओटा आवरला, स्वयंपाकघराचा दिवा बंद केला."